गाडी उन्हात आहे

भाऊजी गेल्याचं ताईने मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. "हे गेले, मंजू," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ नुसता तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज… आणि मग, "खाली गाडी उन्हात आहे गं. आज सावलीत लावायची राहूनच गेली. कुणाला तरी सांगायला हवं." मे महिन्यातली सकाळ होती. मी नोएडाच्या ऑफिसात नुकती खुर्चीला टेकले होते, चहासुद्धा प्यायचा होता. सख्ख्या बहिणीचा नवरा गेला, आणि बहिणीला काळजी मोटरसायकलच्या टायरला ऊन लागण्याची! त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते अशा श्रद्धांजलीच्या लेखात लिहायची पद्धत नाही, पण मी लिहिणार आहे. मला वाटलं, या माणसाने मरतानासुद्धा माझ्या बहिणीला सुखाने रडू दिलं नाही.

श्रीकांत भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, मुक्काम आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर, दुसरा मजला, खाली एक कडुनिंब. पुण्याहून नोकरीसाठी दिल्लीला आले आणि इथलेच झाले. माणूस निर्व्यसनी होता असं सगळे सांगतात. साफ खोटं आहे. त्यांना मोटरसायकलचा टायर झिजू न देण्याचं व्यसन होतं, आणि दारूच्या व्यसनात निदान माणूस मधूनमधून शुद्धीवर येतो. शोकसभेत त्यांच्या मंत्रालयातले एक साहेब उठून म्हणाले, "टायर के मामले में तो जी, पूरे पंडित थे." त्यावर मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी मान डोलावून जोड दिली, "वस्तू जपणं म्हणजे काय, ते श्रीकांतरावांकडून शिकावं." मी सतरंजीवर बसून ओठ चावत होते. माणूस गेल्यावर चांगलं बोलावं हे खरं, पण चांगलं म्हणून टायर काढावा लागतो यातच सगळं आलं.

त्यांची ती 'साधना' मी जवळून बघितली आहे, म्हणून थोडं सांगते. हवा भरायची ती पहाटे, टायर थंड असताना, आणि पंपावरच्या काट्यावर विश्वास न ठेवता स्वतःच्या खिशातल्या काट्याने मोजायची. गाडी जागेवर उभी असताना हॅंडल वळवायचं नाही, रबर जमिनीवर रगडलं जातं. क्लच असा सोडायचा की मागे बसलेल्याला गाडी निघाल्याचं कळूही नये. ब्रेक तर जवळजवळ निषिद्धच. "ब्रेक म्हणजे रबर देऊन विकत घेतलेला थांबा," हे त्यांचं सुभाषित मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी शेवटी मी त्यांच्या आधी ते म्हणून टाकायची. पुढे लाल दिवा दिसला की हे गृहस्थ मागच्या चौकापासून गाडी मंद करत यायचे. मागून सगळी दिल्ली हॉर्न वाजवतेय, आईबहिणीचा उद्धार करतेय, आणि हे आपले अंतराळातून उतरत असल्यासारखे निवांत. आणि ऊन! उन्हाने रबर कडक होतं म्हणून गाडी कडुनिंबाच्या सावलीबरोबर सरकवायची. सकाळी भिंतीच्या कडेला, दुपारी बुंध्यापाशी, संध्याकाळी गेटजवळ. हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी गाडी ढकलायला, वाकायला, जोर लावायला मनाई केली, तेव्हा मला वाटलं आता तरी सुटका. छे. सुट्टीच्या दिवशी ताईने खाली जाऊन गाडी ढकलायची आणि यांनी बाल्कनीतून सूचना द्यायच्या. "डावीकडे… अजून… अगं, हॅंडल वळवू नकोस, आधी गाडी पुढे घे!" स्वतःच्या गुडघ्यांत वंगण राहिलं नाही अशी माझी बहीण, आणि तिने त्या गाडीची सावली राखायची.

बरं, गाडी तरी कुठली अमर होती? दिल्लीत गाडीचं ठरावीक वय झालं की ती रस्त्यावर आणता येत नाही, भंगारात द्यावी लागते. भाऊजींच्या गाडीचं ते वय आता जवळच आलं होतं. मी एकदा विचारलंसुद्धा, "भाऊजी, गाडी भंगारात जाणार आणि टायर नवेकोरे राहणार. ते काय गळ्यात घालून फिरणार आहात?" ते हसले नाहीत. त्यांना विनोद कळायचा नाही असं नाही, टायरवरचा चालायचा नाही.

मी पहिल्यांदा दिल्लीत नोकरीला आले तेव्हाची गोष्ट. भाऊजी मला स्टेशनवर घ्यायला आले. माझ्याकडे एक सुटकेस आणि आईने दिलेली लाडू-चकल्यांची पिशवी. त्यांनी सुटकेस उचलून बघितली, पिशवी उचलून बघितली, माझ्याकडेही वरपासून खालपर्यंत पाहिलं, तो हिशेब मी अजून विसरलेले नाही, आणि म्हणाले, "मागच्या टायरवर फार लोड येईल. तू असं कर, बसने ये. मी बसच्या मागून येतो, म्हणजे तुला काळजी नको." अनोळखी शहर, बसमध्ये उभं राहायला जागा नाही, आणि मागच्या काचेतून बघावं तर आमचे भाऊजी मोकळ्या सीटच्या मोटरसायकलवरून ताठ बसून बसच्या मागोमाग. प्रत्येक स्टॉपवर बस थांबली की तेही लांब थांबत. कंडक्टरने मला विचारलं, "मैडम, ये आदमी पीछा कर रहा है क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, रिश्तेदार है." त्याला माझी फार दया आली.

पण कळस मी पाहिला तो पुढे बऱ्याच वर्षांनी. माझी भाची केतकी तोवर इंजिनीअर होऊन मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागली होती, आणि रोज मोटरसायकलने जायची यायची. तिची गाडीही भाऊजींनीच ठरवलेली. त्यांच्याच गाडीचं नवं मॉडेल, रंगही काळाच, टायरची मापं तीच. मुलीला स्वतःची आवड असू शकते वगैरे गोष्टी त्या घरात नव्हत्या. एका रविवारी सकाळी मी ताईकडे पोहे खायला म्हणून लवकर गेले, तर जिन्याखाली भाऊजी एका काळ्या मोटरसायकलच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसलेले. हातात नेलकटर. नव्या टायरला रबराचे बारीक बारीक केस असतात ना, नखाएवढे, ते एकेक धरून कापत होते. शेजारी वर्तमानपत्रावर त्या केसांचा छोटासा ढीग. कापून झाल्यावर त्यांनी झाडाखालची मूठभर माती घेतली आणि टायरला चोळायला लागले. मी मोठ्याने म्हटलं, "भाऊजी! टायरची हजामत?" तर ते दचकून उठले आणि तोंडावर बोट ठेवलं. "शू… हळू बोल. केतकी झोपलीय." मग कपडे झटकून, "मी जरा भाजी घेऊन येतो," म्हणून त्याच गाडीवर बसून निघून गेले. पोहे खाऊन माझं पोट भरलं, दुपारचं जेवणही होत आलं, तेव्हा परतले. भाजीत एक कोबी. कोबीसाठी हा माणूस कुठे गेला होता ते देवच जाणे. ही गोष्ट मी पुढे कितीतरी जणांना रंगवून सांगितली. नातेवाइकांत ती 'टायरचा न्हावी' या नावाने प्रसिद्ध आहे, आणि ते नाव मीच दिलंय.

आणि दसरा! आर. के. पुरममधली मराठी कुटुंबं दसऱ्याच्या सकाळी क्वार्टरखाली आपापल्या गाड्या धुऊन ओळीने लावतात. झेंडूचे हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. कुणीतरी महाराष्ट्रातून येताना आपट्याची पानं आणलेली असतात, ती मोजून मापून वाटायची. पण आमच्याकडे सोनं लुटायच्या आधी भाऊजींचं नाणं असायचं. ते खिशातून एक जुना रुपया काढत आणि ओळीतल्या एकेका गाडीच्या मागच्या टायरच्या खाचेत उभा खोचत. नाणं खाचेत चांगलं बुडालं तर गाडीवाला पास, वर राहिलं तर तिथल्या तिथे प्रवचन. एका बिचाऱ्या नव्या लग्नाच्या मुलाला त्यांनी बायकोदेखत असं झाडलं होतं की तो पुढच्या दसऱ्याला मेट्रोने नातेवाइकांकडे निघून गेला. सगळ्यात शेवटी केतकीची गाडी. भाऊजी नाणं खोचत, सगळ्यांना जवळ बोलावत. "बघा. रोज मानेसर. हायवे, ट्रक, खड्डे, सगळं. आणि टायर बघा! हात असावा तर असा." लोक टाळ्या वाजवायचे. केतकीचा चेहरा उजळायचा. गाडीबद्दल तिला पेट्रोल किती आहे यापलीकडे कधी काही माहीत नव्हतं, पण त्या टाळ्यांनी तिला खात्री पटली होती की आपला हात म्हणजे बाबांचा हात. ऑफिसात सांगायची, "माझा टायर झिजतच नाही यार. आमच्या खानदानात आहे ते." मी बाजूला उभी राहून आपट्याचं पान चुरगाळत बसायची. आमच्या वडिलांनी ताईचं लग्न लावून दिलं ते या खानदानात, टायरच्या.

भाऊजींना जाऊन दोन महिने होत आले होते. जुलैतल्या एका शनिवारी मी ताईकडेच होते. क्वार्टर आता सोडावं लागणार, त्यासाठी आवराआवर चालली होती. अर्ध्या दिवसाची ड्यूटी करून केतकी दुपारी आली ती लंगडत. डाव्या बाहीला चिखल, कोपर सोललेलं. ताईच्या हातातलं ताट खाली पडलं.

"कुछ नहीं हुआ, आई. सर्व्हिस लेनला पाणी होतं, समोर ऑटोवाला अचानक थांबला, मी ब्रेक मारला आणि गाडी मागून सरकली. बस. मागे ट्रक होता, पण त्याने थांबवला."

मागे ट्रक होता… हे ती पाणी पिता पिता सांगत होती. मी खाली जाऊन तिच्या गाडीचा मागचा टायर बघितला. मला त्यातलं काही कळत नाही, पण ते कळायला काही लागतच नव्हतं. मधला सगळा पट्टा पोळपाटासारखा गुळगुळीत. वर येऊन मी म्हटलं, "केतकी, आत्ताच्या आत्ता टायर बदलायला चल."

"नाही बदलायचा."

"म्हणजे?"

"मावशी, बाबांनी नाणं घातलेला शेवटचा टायर आहे तो. मागच्या दसऱ्याला अख्खं नाणं बुडालं होतं त्यात, तू होतीस ना तिथे? बाबांच्या हाताखाली काही होत नव्हतं त्याला. आणि ते गेल्यावर मी दोन महिन्यांत घासून टाकला. माझाच हात बिघडलाय." आणि मग, बाप गेल्यापासून जी मुलगी कागदपत्रं, डॉक्टर, बॅंक सगळं करत फिरत होती आणि एकदाही रडली नव्हती, ती तिथे मोरीपाशी बसून हुंदके द्यायला लागली. "त्यांनी एवढं जपायला शिकवलं आणि मला ते पण नाही जमलं… मी नाही टाकणार तो. नीट चालवेन. बिल्कुल हळू चालवेन, पण त्याच्यावरच चालवेन."

मी ताईला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, तू आई आहेस, तू सांग. सोमवारी ही पुन्हा त्या गुळगुळीत चाकावर हायवेला जाणार आणि दर वेळी मागचा ट्रकवाला थांबेलच असं नाही. ताई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिने गॅस पेटवला, बंद केला, पुन्हा पेटवला.

"तिचा हात बिघडलेला नाही," ती म्हणाली.

"ते मला नको सांगू, तिला सांग."

"तिचा हात चांगला कधी नव्हताच, मंजू. ती कचकन ब्रेक मारते. पहिल्यापासून. सहा-आठ महिन्यांत टायर खाऊन टाकते ती."

"मग दसऱ्याला नाणं?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. आणि मग जे सांगितलं ते ऐकताना मी ओट्याला टेकून उभी राहिले. केतकी गाडी शिकली तेव्हा भाऊजी तिला सतत बोलायचे. असा ब्रेक नको, तसा क्लच नको. त्यांची जीभ तर तुम्हाला माहीत झालीच आहे. ती चिडायची, आणि चिडली की गाडी जोरात हाणायची. एकदा त्यांच्या बोलण्यावरून तणतणत निघाली ती भिंतीवरच जाऊन आदळता आदळता वाचली. त्या दिवसापासून भाऊजींनी बोलणं सोडलं. सगळ्या जगाला टायरवरून झोडणाऱ्या माणसाने पोटच्या पोरीपुढे त्यावरून पुन्हा अवाक्षर काढलं नाही. त्याऐवजी तिचा टायर अर्धा झिजला की रविवारी सकाळी, ती झोपलेली असताना, गाडी टायरवाल्याकडे न्यायची. तिच्या गाडीला नवा टायर, आणि तिचा अर्धवट झिजलेला स्वतःच्या गाडीला. त्यांचं जाणं येणं ऑफिसपुरतं आणि हात तो असला, त्यांना तो पुरायचा. नवा टायर तिला ओळखू येऊ नये म्हणून त्याचे केस कापायचे, माती चोळायची. "आणि नवा टायर सुरुवातीला घसरतो म्हणून आधी स्वतः चालवून आणायचे. त्याच्यावरची ती नवेपणाची चकाकी जाईपर्यंत. पार मानेसरपर्यंत जाऊन यायचे कधी कधी…"

"आणि येताना कोबी," मी म्हटलं.

"कोबी," ताई म्हणाली. "यंदा हिवाळ्यात छातीचं झालं आणि राहून गेलं. 'उन्हाळ्यात बरा झालो की पहिला टायर बदलतो,' म्हणत होते. मला म्हणायचे, ती कौतुकाने हळू चालवते, कुसुम. कौतुक केलं की दोन दिवस तरी हळू चालवते."

मला काय वाटलं असेल सांगा. दसऱ्याच्या दिवशी, हळदकुंकू वाहिलेल्या गाडीपुढे, चार घरच्या माणसांदेखत हा सेक्शन ऑफिसर धडधडीत खोटं बोलत होता! दुसऱ्याच्या टायरवर प्रवचन झोडायचं आणि स्वतःच्या घरात नव्या टायरला माती चोळून म्हातारा करायचा. आणि माझी बहीण, जिच्या तोंडून मी आयुष्यात खोटं ऐकलं नाही, ती त्या टाळ्यांत टाळ्या मिसळत उभी. मला संताप आला. मी म्हटलं, "ताई, आता तिला सांग."

"नाही. तिला एवढंच तर राहिलंय त्यांचं… माझा हात बाबांसारखा आहे म्हणते ती. तेही काढून घेऊ? आणि चिडली म्हणजे? आपण असं करू, ती उद्या झोपलेली असताना तू आणि मी गाडी ढकलत नेऊ…"

म्हणजे आता मी माती चोळायची! तुम्हीच बघा या घराची तऱ्हा. बाप दंतकथा रचून गेला, आई ती सांभाळणार, आणि तिच्यापायी पोरगी स्वतःला दोष देत गुळगुळीत चाकावर हायवेला जाणार. खोटं जोवर तिला सांभाळत होतं तोवर ठीक. आता तेच तिला ट्रकखाली न्यायला निघालं होतं. मी बाहेर आले. केतकी तिथेच बसलेली होती, कोपरावर ओला रुमाल धरून.

"केतकी, तुझा हात बिघडलेला नाही," मी म्हटलं. "तुझा हात पहिल्यापासूनच भयंकर आहे." आणि सगळं सांगून टाकलं. नेलकटर, माती, कोबी, सगळं. ताई दारात येऊन उभी राहिली होती, तिने मला थांबवलं नाही.

केतकीने ऐकून घेतलं आणि उठली. गाडीच्या चाव्या उचलल्या. ताईचा चेहरा पांढरा पडला. पोरगी लंगडत जिना उतरली, तिच्या मागे मी, माझ्या मागे ताई. खाली गेली ती मात्र स्वतःच्या गाडीकडे नाही. कडुनिंबाखाली भाऊजींची गाडी उभी होती, तिच्या मागच्या चाकापाशी ती बसली आणि हाताने चाक थोडं थोडं फिरवत खाचांमधून बोट सरकवत राहिली. मग एका जागी थांबली. तिथे पंक्चरच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी भरलेल्या होत्या.

"हा माझा पंक्चर आहे," ती म्हणाली. "टोलनाक्याच्या पुढे खिळा घुसला होता. एका पट्टीने हवा थांबत नव्हती म्हणून पंक्चरवाल्याने दुसरी भरली. मी म्हटलं होतं त्याला, भैया, पक्का करना…" ती बराच वेळ त्या दोन पट्ट्यांवर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "झूठा. एक नंबरचा झूठा माणूस." आणि कपाळ त्या चाकाला टेकवलं. त्या मळक्या, तिने अर्धा खाल्लेल्या आणि बापाने उरलेला जपून वापरलेल्या टायरला. मला तिथे उभं राहवेना. मी आयुष्यभर त्या माणसाची टिंगल केली आणि त्या क्षणी त्याच्यासाठी मला रडू फुटलं, हेही लिहून टाकते. पहिल्यांदाच.

थोड्या वेळाने केतकीने स्वतःची गाडी स्टॅंडवरून काढली. ताई म्हणाली, "अगं, आत्ता नको चालवू."

"चालवत नाहीये. ढकलत नेतेय. गुळगुळीत आहे ना तो."

आम्ही दोघी टायरवाल्याकडे गाडी ढकलत गेलो. केतकी एका बाजूने, मी मागून. नवा टायर बसवून झाल्यावर तो चांगला झिपऱ्या सोडलेला दिसत होता. मी पर्समध्ये हात घातला, सवयीने थट्टा सुचत होती, म्हटलं, "नेलकटर आहे माझ्याकडे."

"राहू दे केस," केतकी म्हणाली. "आता कुणापासून लपवायचंय?" आणि घरी येताना ती गाडी चालवत आली, इतकी हळू की मी शेजारून चालत होते आणि मला थांबून तिची वाट बघावी लागत होती. लोक हॉर्न वाजवत होते. तिने ढुंकूनही बघितलं नाही.

तर असे आमचे भाऊजी. माझं त्यांच्याबद्दलचं मत फारसं बदललेलं नाही. माणूस चिकट होता, हट्टी होता, बायकोला उन्हात राबवून टायर सावलीत ठेवणारा होता, आणि आता वर खोटारडाही ठरला. मला त्यांनी बसने पाठवलं ते मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. दोन माणसांनी समोरासमोर बसून नीट बोलावं, तेवढी अक्कल त्यांना असती तर हे सगळं नाटक करावं लागलं नसतं. मंडळाच्या अध्यक्षांना खरं कळलं तर त्यांची शोकसभा परत घ्यावी लागेल. म्हणून हा लेख मुद्दाम त्यांच्यासाठीही आहे.

गेल्या रविवारी पुन्हा ताईकडे गेले होते. केतकी सकाळीच बाहेर पडली होती, म्हणाली, सरावाला जाते, रिकाम्या रस्त्यावर ब्रेकचा सराव. ताई वर चहा टाकत होती. मी खाली कडुनिंबापाशी फोनवर बोलत उभी होते, आणि बोलता बोलता लक्ष गेलं, सावली सरकली होती. भाऊजींच्या गाडीचं मागचं चाक उन्हात आलं होतं, ते दोन पट्ट्यांचं. काही महिन्यांत भंगारात जाणारी गाडी. त्याआधी क्वार्टर सुटणार, हे झाडही राहणार नाही. त्या टायरला ऊन लागलं काय नि न लागलं काय… वरून बाल्कनीतून ताईने वाकून पाहिलं.

मी फोन ठेवला, पदर खोचला, आणि त्या माणसाला मनातल्या मनात सणसणीत शिव्या देत गाडी सावलीत ढकलली. हॅंडल न वळवता.